हुकूम कोणाचे आणि जबाबदारी कोणाची?

१० जून २०२० रोजी जळगावच्या शासकीय रुग्णालयाच्या शौचालयात भुसावळच्या एका वृद्ध बाईचा मृतदेह सापडला. बाई ऐंशी उलटलेली; कोरोनाची बाधा झाली म्हणून तिला उपचारासाठी तेथे आणलेले. २ जूनपासून ती बेपत्ता असल्याची पोलिसांत नोंद झाली होती. म्हणजे आठ दिवस जिचा शोध रुग्णालयाबाहेर चालला होता ती बाई रुग्णालयाच्या आतच मरून पडली होती, आणि तेवढ्या अवधीत ते दार उघडून पाहण्याचे कोणाचे काम होते हे कोणासच ठाऊक नव्हते. पुढे व्हावयाचे ते झाले. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले आणि त्याच महिन्यात जिल्हाधिकारी बदलले. त्या दिवसांत जळगाव जिल्ह्यात बाधितांपैकी शेकडा बाराच्या आसपास माणसे दगावत होती व साऱ्या देशात मृत्यूच्या प्रमाणाबद्दल या जिल्ह्याचे नाव अग्रभागी घेतले जात होते. केळी, कापूस आणि सोने यांच्या व्यापारासाठी ज्या गावाची ख्याती, त्याची ओळख काही काळ ही झाली.

हे प्रकरण आज पुन्हा काढण्यात कोणा परिचारिकेस अगर डॉक्टरास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांनी अपुऱ्या मनुष्यबळावर दिवसरात्र खपून शेकडो माणसे वाचविली त्यांच्या ऋणात हा जिल्हा आहे. आमचा प्रश्न निराळा आहे व तो कायद्याचा आहे. साथीच्या दोन वर्षांत आपल्यावर जे हुकूम निघाले ते कोणाच्या सहीने निघाले, आणि त्या हुकुमांचे फळ बरे की वाईट याचा जाब लोकांनी कोणास विचारावयाचा होता? जळगाव व धुळे या दोन्ही महापालिकांच्या मुदती २०२३ साली संपल्या. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार हाकला. आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. साथ नाही, गडबड नाही, सभागृह नवे आहे. या प्रश्नाचा विचार करावयास याहून सोयीची वेळ मिळणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा आपला परिपाठ सर्वांस माहीत आहेच.

प्रथम कायदा पाहू. साथरोगाचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईत प्लेग पसरलेला, सरकार घाबरलेले, आणि त्या घाईत हा चार कलमांचा कायदा जन्मास आला. पहिले कलम नावाचे व हद्दीचे. दुसऱ्याने सरकारास योग्य वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा. तिसऱ्याने ते न पाळणाऱ्यास शिक्षा. चौथ्याने सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा चालणार नाही अशी हमी. या कायद्याच्या जोरावर त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे शिपाई लोकांच्या देवघरापर्यंत कसे शिरले, आणि त्याचा शेवट कोठे झाला, हा इतिहास वाचकांस सांगावयास नको. त्याच सालच्या जानेवारीत मुंबईस हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने गेल्या. टिळकांनी सरकारच्या जुलमावर टीका केली व तेवढ्यावर न थांबता हिंदू लोकांसाठी प्लेगचे रुग्णालयही काढले. शास्त्राने आपले काम केले, सेवाभावाने आपले केले. कायद्याने मात्र लोकांस विचारण्याची गरजच ठेविली नाही. स्वराज्य येऊन सात दशके लोटल्यावर २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने जे नियम केले ते याच कायद्याखाली केले. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली ती वैद्यकीय सेवकांवर हात टाकणारास कडक शिक्षा देणारी. ती योग्यच होती. परंतु नागरिकाच्या बाजूने त्यात तेव्हाही एक अक्षर पडले नाही.

याच्या जोडीस आला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. या कायद्याचे २५ वे कलम आमच्या वाचकांनी अवश्य वाचावे. जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी हे खरे. परंतु त्याच कलमात स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असावा असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कायदा करणारांस जे अभिप्रेत होते ते हे की, अंमलदाराच्या शेजारच्या खुर्चीवर लोकांचा माणूस बसावा. आता जळगावच्या अगर धुळ्याच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानाच्या भिंतीवर त्या दोन वर्षांत चिकटलेले हुकूम आठवून पाहावे आणि त्यांपैकी किती कागदांवर त्या सहअध्यक्षाची सही पाहिल्याचे त्यास स्मरते ते स्वतःशीच सांगावे. कायद्याने दिलेली खुर्ची कोणी हिरावून घेतली असती तर आम्ही भांडलो असतो; येथे ती रिकामी राहिली याची कोणास खंतही वाटली नाही.

महापालिकेची गोष्ट याहून लाजिरवाणी. १९४९ च्या महापालिका कायद्याने घातक रोगांच्या प्रसारास आळा घालणे व सार्वजनिक दवाखाने आणि रुग्णालये चालविणे ही महापालिकेची अवश्य कर्तव्ये ठरविली आहेत. मर्जीवर सोडलेली नव्हेत. तरी २०२० साली दोन्ही शहरांचा भार पडला तो राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांवर. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुने. जळगावचे तर दोनच वर्षांपूर्वी, २०१८ साली, सुरू झालेले. जळगावात तपासणीची सोय नव्हती तोवर नमुने नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर धुळ्यास पाठवावे लागत, आणि अहवाल येईपर्यंत रोगी घरी बरा होई, अथवा घरातील इतरांस रोग देई, किंवा कायमचा जाई. घरकुल योजनेसाठी काढलेल्या कर्जाने ज्या नगरीची तिजोरी वर्षानुवर्षे वाकलेली, तिच्याकडून आरोग्याची तरतूद कोठून होणार, असा बचाव कोणी करील. करू द्या. परंतु ते कर्जही आकाशातून पडलेले नव्हते. सभागृहाच्या ठरावाने काढलेले होते.

आणि सभागृह काय करीत होते? मार्च २०२१ ची आठवण वाचकांस करून देतो. दुसरी लाट चढू लागलेली. ११ मार्चच्या रात्री ८ पासून १५ मार्चच्या सकाळी ८ पर्यंत जळगावात जनता कर्फ्यू पाळला गेला, बाजार ओस पडला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १८ मार्चला, महापौरपदाची निवडणूक झाली. सत्ताधारी पक्षाचे नगरसेवक फुटून दुसऱ्या गोटात गेले, त्यांना जिल्ह्याबाहेर नेऊन सांभाळून ठेविले गेले, आणि साथीमुळे सभा दूरदृश्य पद्धतीने होऊन ४५ विरुद्ध ३० मतांनी निकाल लागला. कोण जिंकले, कोण हरले, याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. राजकारण हे असेच चालते व पक्षांतर हा काही जळगावचा शोध नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या यंत्राने पंचाहत्तर नगरसेवकांची मते दुरून बिनचूक मोजता आली, त्याच यंत्रावर प्रभागवार खाटा किती, प्राणवायू किती, औषध किती याची चर्चा दर आठवड्यास करता आली असती व घरबसल्या करदात्यास ती ऐकविता आली असती. सत्तेच्या प्रश्नावर सभागृह दुरून भरते, आणि प्राणांच्या प्रश्नावर तो विषय कलेक्टरसाहेबांचा ठरतो, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे.

खानदेशच्याच तिसऱ्या जिल्ह्याकडे वळलो म्हणजे हे दैन्य अटळ नव्हते अशी खात्री पटते. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून १९९८ साली वेगळा झाला. वस्ती बहुतांशी आदिवासी, गावे सातपुड्याच्या कडेकपारीत विखुरलेली, साधने तुटपुंजी. तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातील सामोड्याचे भिल्ल कुटुंबातील पुत्र व स्वतः वैद्यकाचे पदवीधर. पहिली लाट ओसरत असता, जेव्हा सारा देश सुटकेचा निःश्वास टाकीत होता तेव्हा, त्यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रे बसविण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०२० मध्ये पहिले, नंतर २०२१ च्या आरंभी आणखी. त्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत नळकांड्यांसाठी रांगा लागल्या असता नंदुरबारास ती धावपळ करावी लागली नाही. यात चमत्कार काही नाही. वेळेवर विचार करणारा एक माणूस योग्य जागी होता, इतकेच. परंतु येथेच आमच्या मनास टोचणी लागते. चांगला अंमलदार लाभला तर जिल्हा तरणार आणि न लाभला तर बुडणार, ही स्थिती संस्थानिकांच्या राज्यात शोभते. भारूड बदलून गेले की मागे काय राहते? जी गोष्ट एका माणसाच्या दूरदृष्टीने झाली ती महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या ठरावात, अंदाजपत्रकात व दप्तरात उतरली तरच टिकावयाची.

आता व्यापारी बंधूंशी दोन शब्द. तुमचे गाऱ्हाणे आम्ही पुष्कळ ऐकले आहे व त्यातील बरेचसे खरे आहे. ७ ते १३ जुलै २०२० या आठवड्यात जळगाव, भुसावळ व अमळनेर ही शहरे पुन्हा कडकडीत बंद झाली. मोठ्या मॉलसाठी म्हणून केलेल्या नियमात व्यापारी संकुलेही अडकली व ५ ऑगस्टपर्यंत ती उघडू शकली नाहीत. जळगावसारख्या गावी, जेथे फुले मार्केट काय किंवा गोलाणी मार्केट काय, दहा-बारा फुटी गाळ्यांत संसार चालतात, तेथे संकुल म्हणजे मॉल हे समीकरण मुंबईत बसून करणाऱ्यास गाळेधारकाचे पोट दिसले नाही. स्थानिक सभागृहास विचारले असते तर पहिल्याच बैठकीत हा भेद ध्यानात आला असता.

परंतु एक नियम असा होता की ज्याची आम्ही मनःपूर्वक तारीफ करतो. जून २०२१ मध्ये सरकारने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. तपासलेल्यांपैकी शेकडा ५ हून अधिक बाधित नसावे व प्राणवायूच्या खाटांपैकी पाव हिश्श्याहून कमी भरलेल्या असाव्या, म्हणजे जिल्हा पहिल्या स्तरात व बाजार खुला. जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे पहिल्या स्तरात आले! वर्षापूर्वी जो जिल्हा मृत्यूंच्या यादीत वर होता तो आता खुलेपणाच्या यादीत वर. दोन आकडे, छापून जाहीर केलेले, ज्यांचा हिशेब चौथी शिकलेल्या मुनिमासही समजावा. दुकानदाराला कळत होते की आपण मुखपट्टी बांधली, गिऱ्हाईक अंतरावर उभे केले, आजारी नोकरास घरी धाडले, तर दुकान उघडे राहील. नियमाचा आदर दंडुक्याने होत नाही, हिशेब पटल्याने होतो. व्यापाऱ्यास हे शिकवावयास नको.

पण तीन आठवडे लोटले नाहीत तोच २५ जूनच्या हुकुमाने आकडे काहीही असोत, सर्व जिल्हे तिसऱ्या स्तराच्या वर जाऊ शकत नाहीत असे ठरले, आणि दुपारी ४ ला दुकानांची दारे पुन्हा लागू लागली. कारण विषाणूचे नवे रूप आढळले; त्याचे राज्यातील पहिले २१ रोगी जाहीर झाले त्यांत ७ एकट्या जळगाव जिल्ह्यातील. भीती निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. रोगाच्या बाबतीत सावधपणा जास्त झाला तर चालतो. परंतु ज्या सात जणांवरून जिल्ह्याचे नाव देशभर झाले त्यांचे पुढे काय झाले, त्यांच्यापासून आणखी किती जणांस लागण झाली, हे गावोगावी समजावून सांगण्याचे काम कोणी केले? वचन देऊन ते मोडावयाचे असेल तर कारण त्याच ठळक अक्षरांत छापावे. एरवी पुढच्या वेळी आकड्यांवर विश्वास कोण ठेवील?

व्यापाऱ्यांचीही एक बाजू आहे, ती झाकून ठेवणे आमच्याने होणार नाही. अर्धे शटर वर करून मागच्या दाराने गिऱ्हाईक घेणारी दुकाने आम्हांस माहीत आहेत व तुम्हांसही. ताप आला तरी गल्ल्यावर बसणारे शेठ, कुटुंबात रोग निघाला तर दुकानावर पत्रे ठोकतील म्हणून तपासणी टाळणारे गृहस्थ, शेजारच्या घरी रोगी निघताच त्याचे दूध-भाजी बंद करणारे सभ्य लोक हे काही परग्रहावरून आलेले नव्हते. पहिल्या लाटेत या जिल्ह्यात इतकी माणसे का मेली, याचे एक कारण वैद्यांनी वारंवार सांगितले ते हे की रोगी फार उशिरा येत. ते उशिरा का येत, याचे उत्तर अर्धे आपल्या शेजारधर्मात आहे. रोगास कलंक मानणारा समाज रोग लपवितो, व लपविलेला रोग दुप्पट मारतो. प्लेगच्या काळी हेच झाले होते. सव्वाशे वर्षांत आपण विजेचे दिवे लाविले. या बाबतीत मात्र घरात अंधारच आहे.

त्यात सरकारी भाषेची भर. ज्या मुलखात घरोघर अहिराणी बोलली जाते, यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, सातपुड्यात पावरी व भिली आहे, तेथे 'प्रतिबंधित क्षेत्र', 'सहव्याधी', 'विलगीकरण' असे शब्द भिंतीवर चिकटविले म्हणजे जनजागृती झाली असे समजणारास आम्ही हात जोडतो. ज्या बाईने दारोदार जाऊन हे शब्द माणसांच्या बोलीत उतरविले ती आशा सेविका. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर चालली ती तिच्या पायांवर: घरोघरी जाऊन ताप पाहा, बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहा, वहीत लिहा. आणि तिच्या मानधनात वाढ होण्यासाठी तिला जून २०२१ मध्ये भर साथीत संपावर जावे लागले. पदरात पडले ते महिना १,००० रुपये व वर ५०० रुपये साथीचा भत्ता. शहराचे आरोग्य ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांची किंमत आपण काय करतो, याचा हा ताळेबंद व्यापाऱ्यांनी आपल्या वहीतील इतर रकमांशी ताडून पाहावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी राहिली, ती मृत्यूच्या नोंदीची. जळगाव जिल्ह्यात दीड लाखाच्या घरात लोक बाधित झाले व अडीच हजारांहून अधिक मेले, असे सरकारी आकडे सांगतात. पहिल्या महिन्यांतील शेकडा १२ चे प्रमाण अखेरीस शेकडा २ च्याही खाली आले. सुधारणा झाली, ती मान्य केली पाहिजे. परंतु आकडा पुरा आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने मृताच्या वारसास ५०,००० रुपये देण्याचे ठरले तेव्हा महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४२ हजार असता अर्ज दोन लाखांहून अधिक आले. त्यात काही दुबार असतील, काही खोटेही असतील. तरी एवढा फरक केवळ लबाडीचा म्हणता येत नाही. ज्यांची तपासणी झाली नाही, ज्यांच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' इतकेच लिहिले गेले, त्यांची घरे त्यात आहेत. जन्ममृत्यूची नोंद ठेवणे हे १९६९ च्या कायद्याने शहरात महापालिकेचे काम. येथे कोणा कलेक्टराचा, कोणा मंत्र्याचा अडथळा नाही. २०२० व २०२१ या दोन वर्षांत प्रत्येक प्रभागात दरमहा किती माणसे मेली आणि त्याआधीच्या पाच वर्षांत त्याच महिन्यांत किती मेली होती, हा तक्ता महापालिकेच्या दप्तरातून एक हुशार कारकून काही आठवड्यांत काढून देईल. त्यावरून साथीने खरोखर कोणत्या वस्तीतून किती माणसे नेली, ती गर्दीच्या चाळींतून गेली की बंगल्यांतून, दवाखाना जेथे लांब आहे तेथून अधिक गेली काय, हे दिसेल. पुढचे रुग्णालय कोठे बांधावयाचे हे त्या तक्त्यावरून ठरावे. कोणत्या नगरसेवकाचा आवाज मोठा यावरून नव्हे.

म्हणून जळगाव व धुळे येथील नव्या सभागृहांकडे आमची मागणी मोजकी आहे. हा तक्ता काढून छापावा. सभागृहाची एक कायम आरोग्य समिती नेमावी, तीत नगरसेवकांबरोबर दोन्ही गावच्या व्यापारी मंडळांचे, डॉक्टरांचे व आशा सेविकांचे प्रतिनिधी घ्यावे, आणि साथीच्या काळात बाजारासंबंधीचा कोणताही हुकूम निघण्यापूर्वी तिचे मत लेखी घेतले जावे व जाहीर व्हावे, असा ठराव करून तो जिल्हा प्राधिकरणाकडे पाठवावा. जिल्हाधिकारी तो मानतीलच असे नाही. पण न मानल्यास त्यांना कारण लिहावे लागेल, आणि लिहिलेल्या कारणावर उच्च न्यायालयात वाद घालता येतो हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो. प्राणवायूची यंत्रे, खाटा व साथीच्या वेळच्या जादा नोकरवर्गासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र सदर असावे व त्यातील पैसा रस्त्या-गटारांकडे वळविता येऊ नये. अंदाजपत्रक सभेपुढे येईल त्या दिवशी दोन्ही शहरांच्या करदात्यांनी प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसावे आणि ते सदर आहे की नाही, असल्यास त्यापुढे किती आकडा आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहून यावे.